‘आहे’ आणि ‘तोच’: या कल्पना तर्कशास्त्राच्या की तत्त्वमीमांसेच्या?

लकडी पूल आणि संभाजी पूल हा एकच पूल. त्यामुळे लकडी पुलावर दुचाकी न्यायला बंदी असेल, तर संभाजी पुलावरही ती असलीच पाहिजे. हे पटायला पुणं पाहिलेलं असावं लागत नाही. पूल म्हणजे काय, दुचाकी कशाला म्हणतात, हेही ठाऊक नसलं तरी चालतं. सगळा भार ‘एकच’वर आहे.

आता दुसरा प्रश्न. पेशवाईतला लकडी पूल लाकडाचा होता, आजच्यात लाकूड नाही. मग हा तोच पूल का? इथेही विचारतोय ‘तोच का’ हेच, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही तर्कनियमातून निघत नाही. त्यासाठी पूल कशामुळे टिकतो, जागेमुळे, सामानामुळे की वापरामुळे, हे आधी ठरवावं लागतं.

पहिलं काम तर्कशास्त्राचं, दुसरं तत्त्वमीमांसेचं, म्हणजे वस्तू मुळात काय आहेत याच्या विचाराचं. ‘आहे’ची गतही अशीच. म्हणून अस्तित्व (‘आहे’) आणि तादात्म्य (‘तोच’, म्हणजे एकच असणं) या कल्पना तर्कशास्त्रीय आहेत का, या प्रश्नाला एका शब्दात हो किंवा नाही म्हणणाऱ्याकडे आधी एक गोष्ट मागावी: कसोटी कोणती लावली? कसोटी बदलली की निकाल बदलतो, आणि कुठे बदलतो हे कागदावर मोजून दाखवता येतं.

तार्स्कींची कसोटी

तर्कशास्त्राला अमुक वस्तू आणि तमुक वस्तू यांत फरक करायचा नसतो, हे पूर्वापार म्हटलं जातं. आल्फ्रेड तार्स्की यांनी १९६६ मध्ये लंडनच्या बेडफर्ड कॉलेजातल्या व्याख्यानात त्याची नेमकी कसोटी मांडली. व्याख्यान छापून आलं १९८६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी.

कल्पनेचं मूळ भूमितीत आहे. कुठली भूमिती कोणती, हे तिच्या संकल्पना कोणत्या बदलांनंतरही शाबूत राहतात यावरून ओळखायचं, असं फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ मध्ये मांडलं होतं. शाळेतल्या भूमितीत आकृती सरकवा, फिरवा, लहानमोठी करा, काटकोन काटकोनच राहतो. बदलांना जितकी जास्त मोकळीक द्याल, तितक्या कमी संकल्पना टिकतात. तार्स्की थेट टोकाला गेले: वस्तूंची कशीही अदलाबदल करू द्या. त्यातूनही जी संकल्पना हलत नाही ती तर्कशास्त्रीय.

करून बघू. क्षेत्रात, म्हणजे ज्यांबद्दल बोलायचं त्या वस्तूंच्या संग्रहात, तीनच वस्तू धरा: सिंहगड, पर्वती, चतुःशृंगी. काहीच न हलवणं हाही एक प्रकार धरून त्यांची अदलाबदल ६ प्रकारे होते. गुणधर्म म्हणजे, या हिशेबापुरता, तो ज्यांना लागू पडतो त्या वस्तूंचा गट. तीन वस्तूंचे ८ गट होतात. ‘किल्ला असणे’ हा एकट्या सिंहगडाचा गट. सिंहगड आणि पर्वती यांची अदलाबदल केली की तो पर्वतीचा गट होतो, म्हणजे हलला. नापास. आठही गट तपासले की दोनच उरतात: एकही वस्तू नसलेला आणि तिन्ही असलेला.

आता दोन वस्तूंमधले संबंध घेऊ. क्रमाने लिहिलेल्या जोड्या ९. त्यांतल्या ३ स्वतःशीच जुळलेल्या (सिंहगड–सिंहगड वगैरे), उरलेल्या ६ वेगवेगळ्या वस्तूंच्या. अदलाबदल कशीही करा, स्वतःशी जुळलेली जोडी स्वतःशी जुळलेल्या जोडीवरच जाते. वेगळ्यांची जोडी वेगळ्यांच्याच जोडीवर. म्हणजे ९ जोड्यांचे गठ्ठे दोनच. संबंध टिकायचा असेल तर त्याने प्रत्येक गठ्ठा सबंध घ्यावा नाहीतर सबंध सोडावा. ९ जोड्यांतून एकूण ५१२ संबंध बनतात. त्यांतले टिकतात फक्त ४: कोणालाच लागू नसणारा, सगळ्यांना लागू असणारा, तादात्म्य आणि भेद. ‘च्यापेक्षा उंच’ पहिल्याच अदलाबदलीत गळतो, कारण सिंहगड पर्वतीपेक्षा उंच आहे पण उलट नाही. क्षेत्रात तीनऐवजी तीन लाख वस्तू घेतल्या तरी हा चारचा आकडा बदलत नाही.

तीन जागांचे संबंध घेतले तर त्रिकुटं २७ आणि गठ्ठे ५: तिन्ही एक, पहिली-दुसरी एक, पहिली-तिसरी एक, दुसरी-तिसरी एक, तिन्ही वेगळ्या. टिकणारे संबंध ३२. हे सगळेच्या सगळे ‘=’, ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ एवढ्यावर लिहून दाखवता येतात. या कसोटीतून पार पडलेल्या संबंधांचा कच्चा माल म्हणजे तादात्म्यच.

‘काही’, ‘सर्व’ हे शब्द वस्तूंबद्दल न बोलता गटांबद्दल बोलतात. तर्कशास्त्रात त्यांना संख्यापक म्हणतात. गट ८ असल्यामुळे असे संख्यापक २५६ बनू शकतात. अदलाबदलीत गटातल्या वस्तू बदलतात, त्यांची संख्या बदलत नाही. संख्या ०, १, २ किंवा ३ एवढ्याच. म्हणून टिकतात १६. ‘किमान एक’ त्यात आहे, ‘सर्व’ आहे, आणि ‘बरोबर दोन’सुद्धा आहे.

हे करताना दोन चुका हमखास होतात. एक, वस्तूंची अदलाबदल करतात आणि गट तसाच ठेवतात; मग ‘पर्वती किल्ला नाही, पण आता आहे’ असलं काहीतरी निघतं. अदलाबदल गटावर करायची आणि मिळालेला गट मूळ गटाशी ताडून पाहायचा, एवढंच काम आहे. दुसरी चूक जास्त आडवळणाची. अदलाबदल एकाच क्षेत्रात केली तर एक पळवाट उरते, हे व्हॅन मॅकगी यांनी १९९६ मध्ये दाखवलं: क्षेत्रात वॉम्बॅट नावाचा प्राणी असेल तर ‘किंवा’सारखं वागणारं आणि नसेल तर ‘आणि’सारखं वागणारं एक जोडपद बनवा. प्रत्येक क्षेत्रात स्वतंत्रपणे तपासलं की ते पास होतं, पण प्राण्यांची चौकशी करणाऱ्या जोडपदाला तर्कशास्त्रीय म्हणायला कोण धजेल? उपाय म्हणून एका क्षेत्राच्या जागी तितक्याच वस्तूंचं दुसरं क्षेत्र ठेवूनही तपासायचं, असा नियम गिला शेर यांच्या १९९१ च्या मांडणीत आहे. ‘=’ आणि ‘काही’ या दोघांनाही त्याने धक्का लागत नाही.

संकल्पना तर्कशास्त्रीय, पण विधान?

इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्मे वाद या एका गोंधळातून उभे राहतात. एखादं विधान निव्वळ तर्कशास्त्रीय शब्दांत लिहिलेलं असलं म्हणून ते तर्काने सत्य ठरत नाही. ‘असा क्ष आहे आणि असा य आहे, की क्ष आणि य एक नाहीत’ यात एकही परका शब्द नाही. अर्थ: जगात किमान दोन वस्तू आहेत. एकच वस्तू असलेलं क्षेत्र घेतलं की हे विधान असत्य. म्हणजे वस्तू किती, हे तर्कशास्त्राच्या भाषेत विचारता येतं, पण उत्तर तर्कशास्त्र देत नाही.

अपवाद एका संख्येचा. ‘किमान एक वस्तू आहे’ हे विधान पाठ्यपुस्तकी तर्कशास्त्रात सिद्ध होतं. कारण मोठं गहन नाही. क्षेत्र रिकामं नसावं अशी अट पुस्तकात पहिल्याच पानांवर घातलेली असते. ती घातली नाही तर ‘सर्व’वरून ‘काही’ काढण्याचा नियम मोडतो: रिकाम्या क्षेत्रात ‘सर्व वस्तू लाल आहेत’ सत्य, ‘काही वस्तू लाल आहेत’ असत्य. सोयीसाठी घातलेल्या अटीमुळे तर्कशास्त्र जगात काहीतरी असल्याची ग्वाही देऊन बसतं. बर्ट्रंड रसेल यांनी १९१९ मध्ये स्वतःच्याच पद्धतीतल्या या गोष्टीला तार्किक शुद्धतेतला दोष म्हटलं. रिकामं क्षेत्र चालवून घेणारी तर्कशास्त्रं नंतर बनली. ती थोडी अवघड आहेत, एवढीच त्यांच्याविरुद्धची तक्रार.

तादात्म्यातही हीच गफलत होते. पहाटेचा शुक्र आणि संध्याकाळचा शुक्र एकच, हे गोट्लोब फ्रेग यांचं १८९२ मधलं गाजलेलं उदाहरण. ‘=’ तर्कशास्त्राचं; पण हे विधान आकाशाचं निरीक्षण करून मिळालेलं आहे, कारण दोन्ही बाजूंची नावं तर्कशास्त्राने दिलेली नाहीत.

तादात्म्य कुठे अडतं

अदलाबदलीच्या कसोटीत तादात्म्य डौलात पास झालं. नियमांच्या कसोटीत मात्र ते लंगडतं.

‘=’चे नियम दोन. पहिला: प्रत्येक वस्तू स्वतःशी एक. दुसरा: क्ष = य असेल, तर क्षबद्दल जे खरं ते यबद्दलही खरं. लाइब्निझच्या नावाने ओळखला जातो तो हा दुसरा. एवढ्या नियमांनी तादात्म्य पक्कं बांधलं जातं असं वाटतं. ते बांधलं जात नाही.

समजा आपल्या भाषेला घरांबद्दल एकच गोष्ट सांगता येते: पिनकोड. ‘४११०३० मध्ये आहे’, ‘४११००४ मध्ये आहे’, एवढीच विधेयं (वस्तूबद्दल काही सांगणारे शब्द). आता ‘=’चा अर्थ लावा ‘पिनकोड एकच’. नियम एक: प्रत्येक घराचा पिनकोड स्वतःच्या पिनकोडशी जुळतो. नियम दोन: पिनकोड एक असलेल्या दोन घरांपैकी एकाबद्दल या भाषेत जे म्हणता येईल ते दुसऱ्याबद्दलही खरं. दोन्ही नियम तंतोतंत पाळले गेले, आणि सदाशिव पेठेतला एक वाडा शेजारच्या वाड्याशी ‘एक’ ठरला! भाषेच्या आतून ही चूक पकडताच येत नाही, कारण पकडायला लागणारं विधेयच तिच्याकडे नाही. विधेयांची भर घालून गाडी सुटत नाही; कुठलीही प्रथम श्रेणीची (जिथे ‘सर्व’, ‘काही’ फक्त वस्तूंवर चालतात अशी) भाषा घ्या, तिच्या नियमांवर बसणारा आणि तरी खरं तादात्म्य नसणारा अर्थ ‘=’ला देता येतो. म्हणून पुस्तकं सरळ हुकूम काढतात: ‘=’ म्हणजे खरं तादात्म्यच समजावं. हुकूम नियमाबाहेरून येतो.

विलर्ड क्वाइन यांनी उलट बाजूने सुचवलं होतं की भाषेतली विधेयं मोजकी असतील, तर सगळ्या विधेयांत जुळणं यालाच ‘=’ म्हणा आणि वेगळं चिन्हच नको. मग पिनकोडच्या भाषेत शेजारपाजारची घरं एक होतात. अशा भाषेला तो फरक नाहीच, असं म्हणून ते पुढे जातात. द्वितीय श्रेणीच्या तर्कशास्त्रात, म्हणजे गुणधर्मांवरही ‘सर्व’ चालवायला परवानगी असेल तिथे, ‘क्षचा प्रत्येक गुणधर्म यचाही’ अशी व्याख्या करता येते आणि ती बरोबर बसते. फक्त ‘प्रत्येक गुणधर्म’मध्ये खरोखर प्रत्येक गट धरला पाहिजे. त्यात ‘क्षशी एक असणे’ हाही गुणधर्म आपसूक येतो, त्यामुळे चोर मागच्या दाराने घरातच आहे, अशी शंका घेणाऱ्यांना वेडं ठरवता येत नाही.

लुडविग विट्गेनस्टाइन यांनी १९२१ मध्ये ‘=’ पार काढूनच टाकायला सांगितलं. वेगळ्या वस्तूला वेगळं अक्षर, एका वस्तूला एकच अक्षर, असा दंडक घाला. मग ‘काही क्ष, काही य’ म्हटलं की त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. याको हिंटिका यांनी १९५६ मध्ये या पद्धतीचे नियम रीतसर मांडले, ती चालते. मात्र तादात्म्य तिथून गेलेलं नाही, ते अक्षरं वापरण्याच्या दंडकात जाऊन बसलं आहे.

सॉलोमन फेफरमन यांची १९९९ मधली कसोटी तार्स्कींहून कडक. तार्स्की अदलाबदल चालवून घेतात, फेफरमन विलीनीकरणही: दोन वस्तू मिळून एक झाल्या तरी संकल्पना टिकली पाहिजे. सिंहगड आणि पर्वती यांचं एका ठिपक्यात विलीनीकरण केलं की ‘वेगळे’ होते ते ‘एक’ होतात. तादात्म्य गळालं. ‘बरोबर दोन’ही गळालं. एका जागेच्या विधेयांवर चालणाऱ्या क्रियांपुरतं पाहिलं, तर गाळणीत उरतं ते बरोबर ‘=’ नसलेलं प्रथम श्रेणीचं तर्कशास्त्र, आणि त्यात ‘काही’ शाबूत आहे. म्हणजे या कसोटीत अस्तित्वाचा संख्यापक पास आणि तादात्म्य नापास. तार्स्कींकडे अडचण उलटी आहे. तिथे इतकं काही पास होतं (‘अनंत’, ‘अगणनीय इतके’ वगैरे संख्यापकही) की संच-सिद्धान्तातले न सुटलेले प्रश्न तर्कशास्त्राच्या अंगणात येऊन पडतात. फेफरमनना खुपलं ते हेच.

आमचा कल तादात्म्याला आत ठेवण्याकडे आहे. गेडेल यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेली पूर्णता (जे जे तर्काने सत्य ते ते सिद्ध करता येतं) ‘=’ घातल्यावरही टिकते; क्वाइन यांनी १९७० मध्ये तादात्म्याच्या बाजूने हाच मुद्दा मांडला होता. ‘अनंत’ आत घेतलं की ही पूर्णता हातची जाते. तादात्म्य आत घेतल्याने काही बिघडत नाही आणि मोजायची सोय होते.

मग लकडी पुलाचं काय? डेव्हिड लुईस यांनी १९८६ मध्ये म्हटलं त्याचा मथितार्थ असा की तादात्म्यात गूढ काही नाही. प्रत्येक वस्तू स्वतःशी एक, दुसऱ्या कशाशीही नाही, विषय संपला. वाद असतो तो ‘पूल’ म्हणून काय मोजायचं याचा. सामान म्हणजे पूल धरला तर दोन पूल, ओलांडायची जागा धरली तर एक. पीटर गीच यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते नुसतं ‘एक’ असं काही नसतंच, ‘पूल म्हणून एक’, ‘दगड म्हणून एक’ असंच बोलावं लागतं. पण मग लाइब्निझचा नियम सरसकट वापरता येत नाही: पूल म्हणून एक असलेल्या दोघांत एकावरचं विधान दुसऱ्यावर केव्हा न्यायचं, याचा स्वतंत्र हिशेब दर वेळी द्यावा लागतो. तो कुणी नीट दिलेला आमच्या पाहण्यात नाही.

अस्तित्व: दोन रस्ते

इमॅन्युएल कांट यांनी १७८१ मध्ये शंभर थालरचं उदाहरण दिलं: मनातल्या शंभर नाण्यांत आणि खिशातल्या शंभर नाण्यांत एकही नाणं कमीजास्त नसतं, ‘असणे’ हे नाण्याच्या वर्णनात भर घालत नाही. फ्रेगनी १८८४ मध्ये याला तांत्रिक रूप दिलं. अस्तित्व सांगणं म्हणजे शून्य ही संख्या नाकारणं. ‘पुण्यात पेशवेकालीन वाडे आहेत’ म्हणजे ‘पुण्यातला पेशवेकालीन वाडा’ या कल्पनेत बसणाऱ्या वस्तूंची संख्या शून्य नाही. ‘पुण्यात वाडे दुर्मिळ झालेत’ हे जसं कुठल्याच एका वाड्याचं वर्णन नाही, तसंच. ईश्वर परिपूर्ण, असणं हा परिपूर्णतेचा भाग, म्हणून ईश्वर आहे, हा जुना युक्तिवाद इथे अडतो: गुणांच्या यादीत संख्या घालता येत नाही.

हा पहिला रस्ता. अस्तित्व म्हणजे संख्यापक, ‘किमान एक’. वर मोजलेल्या १६ मध्ये तो आहे, फेफरमनच्या गाळणीतूनही तो उरतो. तर्कशास्त्रीय म्हणून याच्याइतका दाखला कुणाकडे नाही.

पण आपण ‘सिंहगड आहे’ असंही म्हणतो, आणि इथे ‘आहे’ एका वस्तूबद्दल आहे. अभिजात, म्हणजे पाठ्यपुस्तकी, तर्कशास्त्र याला असं लिहितं: ‘असा क्ष आहे, की क्ष = सिंहगड’. म्हणजे अस्तित्व हे विधेय तादात्म्य आणि संख्यापक यांच्यापासून तयार होतं. दोन्ही सुटे भाग कसोटीला उतरलेले, त्यामुळे हेही उतरतं. कसं, तर क्षेत्रातल्या झाडून सगळ्या वस्तूंचा गट होऊन. सगळ्यांना लागू, कुणालाच वेगळं न काढणारं.

आणि मग हे घडतं (शशशृंग म्हणजे सशाचं शिंग, नसलेल्या वस्तूचं ठरलेलं उदाहरण):

१. प्रत्येक क्ष साठी क्ष = क्ष.
२. म्हणून शशशृंग = शशशृंग.
३. म्हणून असा क्ष आहे, की क्ष = शशशृंग.

तीन ओळींत सशाला शिंग फुटलं. दुसऱ्या ओळीत ‘सर्व’वरून एका नावावर उतरलो, आणि अभिजात तर्कशास्त्रात प्रत्येक नावाला वस्तू असतेच असं न बोलता धरलेलं असतं. दुरुस्तीच्या तीन तऱ्हा आहेत.

एक तऱ्हा नावच फोडायची. रसेल यांनी १९०५ मध्ये ‘फ्रान्सचा आजचा राजा’ हा शब्दसमूह असाच फोडला: असा बरोबर एक जण आहे जो फ्रान्सचा राजा आहे, आणि तो अमुक आहे. नैयायिकांनीही, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ‘शशशृंग नाही’ हे फोडलं, आपल्या पद्धतीने: सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे. ससा प्रसिद्ध (म्हणजे खरोखर असलेला, ठाऊक), शिंगही प्रसिद्ध. ज्याचा अभाव सांगायचा तो प्रतियोगी कुठेतरी असायलाच हवा, हा त्यांचा आग्रह. रसेलची चिंता वाक्याच्या घडणीची आणि नैयायिकांची ज्ञानाच्या विषयाची, त्यामुळे दोघे एकच म्हणताहेत असं समजू नये.

दुसरी तऱ्हा नियम दुरुस्त करायची: नावावर उतरायच्या आधी ते नाव असलेली वस्तू आहे, ही अट घाला. याला मुक्त तर्कशास्त्र म्हणतात. नाव कारेल लॅम्बर्ट यांनी १९६० मध्ये दिलं. यात पोटभेद आहेत. नकारात्मक प्रकारात रिकाम्या नावाची सगळी साधी विधानं असत्य, अगदी ‘शशशृंग = शशशृंग’सुद्धा. तादात्म्याचा पहिला नियमच तिथे सशर्त होतो. सकारात्मक प्रकारात ते विधान सत्य राहतं, पण त्यासाठी बहुधा दोन क्षेत्रं मांडतात: आतलं, असणाऱ्यांचं, बाहेरचं, नावं ज्या ज्या कशाकडे बोट दाखवतात त्या सगळ्यांचं.

तिसरी तऱ्हा अलेक्सियस माइनाँग यांची: नसलेल्याही वस्तू वस्तूच आहेत, फक्त त्या नाहीत.

आता तार्स्कींची कसोटी या दोन क्षेत्रांच्या मांडणीवर, किंवा माइनाँगवर, लावा. बाहेरच्या क्षेत्रात सिंहगड आहे आणि शशशृंगही. ‘अस्तित्व’ म्हणजे आतला गट. त्यात सिंहगड आहे, शशशृंग नाही. दोघांची अदलाबदल केली की गट हलला. अस्तित्व नापास. ‘किल्ला असणे’ जसं नापास झालं, अगदी तसं.

म्हणजे अस्तित्वाला काही आशय द्यायचा, असलेल्यांना नसलेल्यांपासून वेगळं काढायचं काम त्याला सांगायचं, तर ते तर्कशास्त्राबाहेर पडतं. आत राहायचं असेल तर त्याने कुणालाच वेगळं काढता कामा नये. दोन्ही एकदम मागता येत नाही, आणि ‘अस्तित्व तर्कशास्त्रीय आहे का’ या वादातले बरेच लोक नेमकं तेच मागत असतात.

हा भेद वैशेषिकांच्या, म्हणजे जगातल्या पदार्थांचं वर्गीकरण करणाऱ्या भारतीय दर्शनाच्या, परंपरेत फार पूर्वी नोंदलेला आहे. प्रशस्तपादांच्या भाष्यात द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय या सहाही पदार्थांना अस्तित्व आहे. सत्ता मात्र पहिल्या तिघांतच राहते. सत्ता ही जाती आहे, म्हणजे अनेक वस्तूंत राहणारा एक समान धर्म. तिच्या सीमा का आखल्या याची कारणं उदयनांच्या यादीत सापडतात: सामान्यात जाती मानली तर अनवस्था (न संपणारी साखळी), विशेषात मानली तर रूपहानि (विशेषाचं स्वरूपच जातं), समवायात मानली तर असंबंध (जाती तिथे राहायला संबंधच उरत नाही). पुण्यात भांडारकर संस्थेने १९२८ मध्ये काढलेली भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची आवृत्ती हाताशी असेल तर ‘सत्ता’ आणि ‘तादात्म्य’ ही पदं तिथे काढून बघावीत. आपल्या कसोटीवर लावलं तर चित्र स्वच्छ दिसतं. घट आणि घटत्व (सगळ्या घटांत राहणारी जाती) यांची अदलाबदल करा: सत्तेचा गट हलतो, कारण घटात सत्ता आहे, घटत्वात नाही, अस्तित्वाचा गट हलत नाही. सत्ता ही तत्त्वमीमांसेची कल्पना, अस्तित्व ही त्या क्षेत्रापुरती तार्स्कींच्या अर्थाने तर्कशास्त्रीय. वैशेषिकांचा हा हेतू नव्हता, हेही उघड आहे. तादात्म्य त्यांच्याकडे संयोग-समवायांसारखा एक संबंध म्हणून येतं आणि भेदाची व्याख्या त्यावरून होते: ‘घट पट नाही’ हा अन्योन्याभाव, कारण इथे जे नाकारलं ते तादात्म्याने असणं, ‘भूतलावर घट नाही’ इथे नाकारलं ते संयोगाने असणं.

‘आवश्यकपणे’ हा शब्द आला की

दोन्ही कल्पना तर्कशास्त्रात घेण्याची किंमत ‘आवश्यकपणे’ हा शब्द घातल्यावर कळते. रूथ बार्कन यांनी १९४७ मध्ये आणि सॉल क्रिपके यांनी १९७० च्या सुमाराला पुढे आणलेला युक्तिवाद असा: क्ष = य धरा. क्ष आवश्यकपणे क्ष आहे. लाइब्निझच्या नियमाने शेवटच्या क्षच्या जागी य ठेवा. म्हणून क्ष आवश्यकपणे य आहे. लकडी पूल आणि संभाजी पूल एक असतील, तर ते वेगळे असूच शकले नसते.

नावांऐवजी वर्णनं घातली की हे घसरतं. क्वाइनच्या उदाहरणात ग्रहांची संख्या ९ होती. २००६ मध्ये प्लूटो गेल्यावर ती ८ झाली, मुद्दा तोच. ८ आवश्यकपणे ७ पेक्षा मोठा आहे. ग्रहांची संख्या = ८. पण ग्रह सहाच असू शकले असते. ‘ग्रहांची संख्या’ हे नाव नाही, वर्णन आहे, आणि वर्णन ‘आवश्यकपणे’च्या आत आहे की बाहेर यावर अर्थ पालटतो.

हीच रीत अस्तित्वाला लावली तर? ‘असा क्ष आहे, की क्ष = सिंहगड’ हे शशशृंगाच्याच तीन ओळींत सिंहगड घालून सिद्ध होतं. सिद्ध झालेलं ते आवश्यक, हा प्रमाणभूत नियम. म्हणून आवश्यकपणे असा क्ष आहे, की क्ष = सिंहगड. सह्याद्रीचा लाव्हा कधी वाहिलाच नसता तरी सिंहगड असता!

क्रिपकेनी १९६३ मध्ये ही गळती बुजवली ती नावं असलेली विधानं प्रमेयांच्या यादीत न घेऊन. मुक्त तर्कशास्त्र पहिल्याच पायरीला अडवतं. टिमथी विल्यमसन यांनी २०१३ मध्ये दोन्ही नाकारून निष्कर्ष जसाच्या तसा घेतला: जे आहे ते आवश्यकपणे आहे. लाव्हा नसता तर सिंहगड डोंगर नसता, मूर्त नसता, त्यावर कुणाला चढता आलं नसतं. पण तो ‘काहीतरी’ असताच. डोंगर असणं आणि असणं यांत विल्यमसन असा फरक करतात, म्हणूनच त्यांना तर्कशास्त्राचा एकही नियम बदलावा लागत नाही. ज्यांच्या गळी हे उतरत नाही, त्यांनी शशशृंगाच्या तीन ओळींपैकी कोणती खोडली की सिद्ध ते आवश्यक हा नियम खोडला, ते सांगावं.